न केलेली सही

न्युरेम्बर्गजवळून,
४ नोव्हेंबर २०२४

ती. जयंतमामांस,
शमिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. आमच्या गावातलं चाळीस खाटांचं क्रांकेनहाउस, म्हणजे इस्पितळ, नव्या आरोग्यसुधारणेत बंद होणार. शेजारच्या ब्रिगिटबाई विरोधाच्या अर्जावर सह्या मागायला आल्या होत्या. मी सही केली नाही. उलट त्यांनाच अर्धा तास समजावलं, की वर्षाला चार शस्त्रक्रिया करणाऱ्यापेक्षा चारशे करणारा डॉक्टर बरा. इस्पितळं मोजकी असावीत, पण सुसज्ज. तुम्ही सरकारी डॉक्टर होतात. माझं बरोबर ना?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
आपली,
शमिका


कराड,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. शमिकास अनेक आशीर्वाद.

वादात तू शाळेपासून कुणाला ऐकत नाहीस! तुझं म्हणणं खोटं नाही. मीही असाच होतो. डोंगरातलं एक उपकेंद्र बंद करा, असा अहवाल मी दिला. दिवसाला तीनच रुग्ण यायचे. आधी रस्ता करा, हे लिहायचं राहून गेलं. उपकेंद्र लगेच बंद झालं, रस्ता सहा वर्षांनी झाला. मधल्या काळात एक बाळंतीण डोलीतच दगावली. सुधारणा हवीच गं, पण मधल्या काळाचं काय, ते कुणीतरी विचारायला हवं. जमल्यास सही कर.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे.
तुझा,
मामा


न्युरेम्बर्गजवळून,
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं तेव्हा सह्यांची मुदत संपली होती. डिसेंबरअखेर इस्पितळ बंद झालं. पंधरा दिवसांपूर्वी ब्रिगिटबाईंच्या यजमानांना पक्षाघात झाला. बर्फातून शहरात न्यायला पन्नास मिनिटं लागली. तिथे उपचार उत्तम झाले, जीव वाचला, वाचा गेली. लवकर पोचते तर राहिली असती का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

माझ्या एका सहीने काही थांबलं नसतं, हे कळतं. तरी बाईंकडे जाऊन चुकले म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दिवसाआड शहरात सोडशील का, एवढंच विचारलं. तेव्हापासून सोडते.

काल वाटेत त्यांनी विचारलं, तुमच्या देशात म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात कोण नेतं? मी म्हणाले, घरचे. आणि तुम्ही आठवलात. आईच्या माघारी तुम्ही मला वाढवलंत. मामा, तुम्हाला कोण नेतं?

उत्तर लवकर द्यावं. रागावला असलात तरी द्यावं.
आपली,
शमिका