पाचव्या दिवशीचा आकडा

७ एप्रिल, सोमवार
चोरी! दुसरा शब्दच नाही.

शनिवारी एकशे चाळीस मिली वायू आला, आज एकदम एकशे दहा. गोळी माझ्या हातची, भट्टी तीच, तापमान तेच. घन पदार्थ तापला की हायड्रोजन सोडतो, त्याला हातचलाखी येत नाही. माणसांना येते. गोळ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच – एक माझ्याकडे, एक सुमितकडे. आणि आज पाणी येणार म्हणून लॅब त्यानंच आधी उघडली होती.

सर म्हणालेत, "ज्याच्या गोळीतून जास्त वायू, पेटंटवर त्याचं नाव पहिलं." सुमितच्या गोळीचं मिश्रण वेगळं. तिचा आकडा एकशे पंचवीसवर ठाण मांडून बसलाय. म्हणजे मला खाली ओढल्याशिवाय त्याचं भागणार कसं?

८ एप्रिल
एकशे अठरा. लॅबमध्ये मुतारीचा वास. शेजारच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, दुसरं काय होणार!

लॅबचे शिपाई त्रिंबकमामा काचसामान पुसत म्हणाले, "पानी पाचव्या दिशी येतंय ताई, लई जपून वापरतुया." शाबास म्हटलं. निदान एक माणूस तरी सरळ आहे.

१० एप्रिल
एकशे तेहेतीस. सुमित म्हणतो, "अगं, तुझा आकडा रोज चढतो कसा? तुझी बाटली बघू का जरा?"

चोराच्या मनात चांदणं! बाटलीत बघण्यासारखं काय आहे? माझ्या गोळीतून, सुमितच्यातून नाही, हायड्रोजनबरोबर थोडा अमोनियाही निघतो. तो बाटलीतल्या आम्लात अडकतो, पुढं मोजायच्या सिरिंजमध्ये जातो तो निव्वळ हायड्रोजन. हे त्याला माहीत नाही? बाटलीच्या निमित्तानं गोळ्यांना हात लावायचा असेल. "काही गरज नाही," म्हटलं.

११ एप्रिल
एकशे बेचाळीस!! वासानं डोळे चुरचुरतात. चुरचुरू देत.

१२ एप्रिल, शनिवार
एकशे अकरा. पुन्हा!

सुमित पुन्हा माझ्याआधी हजर. म्हणे, "पाण्याचा दिवस ना, बादल्या भरायला आलो." वा रे समाजसेवक!

तडक सरांकडे गेले. सात तारीख आणि बारा तारीख, दोन्ही दिवशी लॅब आधी कुणी उघडली, ते रजिस्टरमध्ये दाखवलं. सरांनी पानं उलटून पाहिली. मग सुमितला बोलावून त्याची किल्ली काढून घेतली. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात.

१४ एप्रिल
जयंती. आई म्हणाली, "सुमित आला नाही गं खीर खायला? दरवर्षी येतो की." कामात असेल म्हटलं. पाच वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू? पण सुरुवात त्यानं केली.

१६ एप्रिल
एकशे सेहेचाळीस! सर म्हणाले, "हाच आकडा घालू." संध्याकाळी पेटंटचा अर्ज गेला. माझं नाव पहिलं. सुमितचं कुठंच नाही. तो सामान बांधून कुर्डुवाडीला, घरी गेला. जाताना एवढंच बोलला, "बाटलीतलं आम्ल कधी बदललंस ते बघ."

जाता जाता शहाणपणा! जुनं आम्ल अमोनिया अडकवत नाही, एवढं कळतं मला. रोज बदलायचं, असं मामांना मीच सांगून ठेवलंय.

१७ एप्रिल, गुरुवार
पाणी आलं. मामांनी डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र सुरू केलं, ताजं आम्ल कालवलं, बाटली भरली.

"मामा, हे रोज बदलता ना?"

"रोज कसं ताई? यंत्राला नळाचं पानी लागतंय की. पानी आलं की बदलायचं. उन्हाळा लागल्यापास्नं असंच हाय. जपून वापरतुया म्हनलं, तवा तुमीच शाबास म्हनला हुता."

गोळी तापवली. वास अजिबात नाही. किल्ल्या माझ्याच गळ्यात.

एकशे दहा.

सुमितचे एकशे पंचवीस होते. रोज.