ठरावात नसलेलं नाव

२३ एप्रिल, रविवार
वंदनेनंतर विहार समितीत ठराव मांडला. दोन बायांना, दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता यावे, याला आमच्या विहाराचा पाठिंबा. तसे पत्र दिल्लीला, सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू आहे म्हणून.
अध्यक्ष खंडारे म्हणाले, "घराघरात कापूस पडून हाये, भाव नाही, अन् गुरुजी, तुमाले हे काहून सुचून राहिलं?"
वीस मिनिटे बोललो. समता, करुणा, सगळे काढले. मग अन्नपूर्णाबाईंनी सरळच विचारले, "गुरुजी, तुमच्या घरी हाये काय कोनी असं?"
म्हणालो, "नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."
वर्गात हजेरी घ्यावी तितक्या सहज 'नाही' निघाले. उत्पला, माझी एकुलती एक पोरगी, चार वर्षांपासून अकोल्यात जठारपेठेत वैशालीसोबत संसार करते. मला माहीत, हिला, शोभाला माहीत.
ठराव पुढच्या बैठकीवर.

२४ एप्रिल
शोभाचा अबोला. काल बायांच्या रांगेत बसली होती, तिने ऐकलेच. दुपारी ताट वाढताना एवढेच, "लोकाच्या पोरींसाठी ठराव. आपल्या पोरीसाठी 'नाही'."
ताट तसेच राहिले.

३० एप्रिल
उ.चा फोन. "बाबा, निकाल लागला की लग्न तुमीच लावा. आपल्या विहारात."
आजवर इतकी लग्ने लावली, विधीची पुस्तिका पाठ आहे. वराच्या पाच प्रतिज्ञा, वधूच्या पाच. तो म्हणतो, मान देईन, घराचा अधिकार देईन, दागिने देईन. ती म्हणते, कामे नीट करीन, कमाई सांभाळीन. विचारले, कोणी कोणत्या म्हणायच्या?
"दहाच्या दहा दोघीही म्हनू. दागिने मात्र मलेच." मागून वैशाली हसली. मीही हसलो.
फोन ठेवला आणि हसू गेले. नाव घेतल्याशिवाय लग्न कसे लावणार?

१४ मे, रविवार
ठराव मंजूर! पहिला हात अन्नपूर्णाबाईंचा. खंडाऱ्यांनी एक ओळ घातली: 'कायदा झाल्यास विहार अशा लग्नांसाठी खुला राहील.' सचिव म्हणून सही माझी.
सगळे पाठ थोपटत होते. "गुरुजी, घरचं कोनी नसून एवढं मोठं मन!"
तेव्हा तरी सांगायचे होते. चहा घेतला आणि घरी आलो.

२० ऑगस्ट, रविवार
विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू. दोघी आल्या होत्या. वैशाली मोर्शीची, तिच्या वडिलांच्या बागेतला संत्रा यंदाही गळून राहिला, तेच सांगत होती. अन्नपूर्णाबाईंनी विचारले, "हे कोन?"
मी: "उत्पलाची मैत्रीण. एकाच खोलीत राहतात."
बसमध्ये चढताना उ. म्हणाली, "ठराव वाचला बाबा. मराठी लय छान हाये."
थोबाडीत दिली असती तर बरे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
निकाल. लग्नाचा हक्क नाही. कायदा करायचा तर संसदेने करावा. म्हणजे पुन्हा वाट पाहा. शोभा रडली.
खंडाऱ्यांचा फोन, "आपलं पत्र वाया गेलं, गुरुजी." जसे काही टपालखर्चच गेला!
संताप आहेच. पण निकाल ऐकताच क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

१९ ऑक्टोबर
उ.: "कागद नाही तं नाही. प्रतिज्ञा तं घेता येते ना? इचारा विहारात. नाहीतर स्पष्ट सांगा, तुमाले जमत नाही."

२२ ऑक्टोबर, रविवार
उभा राहिलो. म्हणालो, "कायदा झाला नाही, तरी एका लग्नासाठी विहार पाहिजे."
खंडारे: "कोनाच्या?"
"उत्पलाच्या. माझ्या पोरीच्या. वैशालीसोबत. एप्रिलात मी खोटे बोललो."
खंडाऱ्यांनी रजिस्टर मिटले. "ठरावात 'कायदा झाल्यास' हाये, गुरुजी. पुढच्या रविवारी पाहू."
पायऱ्यांवर चपला घालताना अन्नपूर्णाबाई मागून आल्या. डोळे भरलेले, पण आवाज रागाचा.
"माया लहान्या पोराचं बी तसंच हाये. पुन्याले राह्यते, घरी येनं सोडलं त्यानं. म्हून तं त्या दिवशी तुमाले इचारलं होतं. तुमी 'हो' म्हनाल, मंग मी बी सांगीन."
मी खालीच पाहत होतो.
"तुमी 'नाही' म्हनले."