भिंतीवरचा हात

मंगळवार, जठारपेठ

आज दिवेलागणीला सोनी भिंतीला हात लावून जिना उतरली. माझी धाकटी बहीण, अकरा वर्षांची, परवापर्यंत उड्या मारत उतरायची! डॉक्टरांनी माझा रातांधळेपणा पिढीजात आहे असं सांगितलं, त्याआधी मीही अशीच उतरायचे. की मी उगाच शंका घेतेय? पण तो भिंतीवरचा हात... मुद्दाम तिला आतल्या खोलीतून माझी वही आणायला पाठवलं, दिवा न लावता. बराच वेळ चाचपडली आणि रिकामीच परत आली.

"काहून वं, दिसत नाही का तुले?"

"दिसते." मग हळूच म्हणाली, "ताई, आईले सांगू नको. तुया वेळेस लय रडली होती थे."

मी "बरं" म्हणाले. खोटंच. उद्या ती शाळेत गेली की आईला सांगणार आहे.