राक्षसाच्या बायकोचं पुढे काय झालं

माय, आज दुपारी वालाच्या शेंगा सोलायला बसले आणि तू आठवलीस. समोर शेजारची सून बसली आहे. तिच्या लग्नात मीच तिच्या आईला म्हणाले होते, तुमचा वेल मांडवाला गेला. आज ती मागच्या दाराने आली. ओठ फाटलेला, पायात चप्पल नाही. तिचे वडील एटापल्लीहून निघाले आहेत, संध्याकाळपर्यंत पोचतील. तोवर ती माझ्याकडे आहे, आणि घरात मी एकटी.

आपलं आरमोरीचं घर डोळ्यांपुढे येतं. घरामागच्या सांदवाडीत, परसात, तुझा वालाचा मांडव, थंडीत इतका दाट की खाली बसलेलं माणूस दिसायचं नाही. मी कॉन्व्हेंटातून आले आहे आणि सिस्टरने इंग्रजीत सांगितलेली गोष्ट तुला आपल्या बोलीत सांगते आहे. वालाचा वेल एका रात्रीत आभाळाला भिडतो, पोरगा वर चढतो, राक्षसाची बायको त्याला जेवू घालते, चुलीत लपवते.

"चुलीत? पेटली नोयती काय वं तिची चूल?" तू हसतेस.

मग पोरगा सोनं घेऊन उतरतो, वेल तोडतो, राक्षस पडून मरतो.

"अन् तिचं काय झालं?"

"कोणाचं?"

"जिनं लपवलं तिचं. ते तं वरतंच राह्यली ना?"

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, गोष्टीत ते नाही. तू म्हणालीस, "मंग अर्धीच गोष्ट शिकवते तुयी शाळा."

त्याच हिवाळ्यात गल्लीतली एक सून मार खाऊन आपल्याकडे आली. तू तिला मांडवाखाली बसवलंस आणि स्वतः दारात शेंगा सोलत बसलीस. नवरा काठी घेऊन आला.

"बाई, आमची इकडं आली काय?"

"नाई भाऊ. मी कवाची इथीच बसून राह्यली."

तिचा भाऊ तिला घेऊन गेला, पण बातमी फुटलीच. मग विहिरीवर तू दिसलीस की बायका घागरी उचलून बाजूला होत. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. तू त्यावर कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, तुला भीती ठाऊकच नाही.

आज हिचा नवरा फाटकाशी दोनदा येऊन गेला. "काकू, खरं सांगजा. इथी आहे ना ते?" मी नाही म्हटलं. तो हसला. "बरं. आपल्याले याच गल्लीत राहाचं आहे, काकू."

तो काठी घेऊन येऊन गेला त्या दिवशी मी तुला हसले होते, माय. तू दाणे केरात टाकत होतीस आणि टरफलं टोपलीत. मला वाटलं, तुझं लक्ष नाही. मघाशी या पोरीने माझ्यापुढचं पातेलं ओढून घेतलं. "काकू, टरफलाचीच भाजी करता काय?" आम्ही दोघी हसलो. ती आता त्यातली टरफलं वेचते आहे, आणि मी हे लिहिते आहे. हे पाठवायचं कुठेच नाही, म्हणून लिहिता येतं: मला भीती वाटते आहे. तिला मी तसं सांगितलेलं नाही.