मुराळी नसला तरी

पार्मा, इटली
१२ मे २०१६

रेवणप्पा अण्णा आणि वहिनी,
दोघांना माझा शरणु-शरणार्थी, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही सुखरूप आहोत. नातू पावलं टाकायला लागलाय. इथं नळाला सतत पाणी आहे, तरी माझी लिंगपूजा वाटीभर पाण्यातच होते. तिकडं टँकर येतो का? उदगीर जिल्हा झाला की पाणी येईल, असं अजून म्हणतात का?

मुलानं मला इटालियन शिकायला घातलंय. सध्या "मला आवडेल", "जमलं तर मी जाईन" असं बोलायला शिकवतात. बाई म्हणाल्या, "असं मागितलं की समोरच्यावर जोर येत नाही. तुम्ही मागा काहीतरी." मी अव्वाला आठवून म्हणाले, "मला आईला भेटायला आवडेल."

"मग अडतं कुठं?"

म्हटलं, आमच्यात माहेरी न्यायला मुराळी यावा लागतो. भाऊ म्हणतो, पाऊस पडला तर येईन. सगळा वर्ग हसला. मीही हसले, काय करणार?

अण्णा, अव्वानं अंथरूण धरलंय आणि तुमचा निरोप येतो, "पाण्याचे लई हाल हाईत, आत्ता येऊ नको." वहिनीच्या माहेरची माणसं आठवडाभर राहून गेली, त्यांना पाणी पुरलं. लेक किती पिते हो?

तिकीट काढलंय. हे पत्र पोचेल तेव्हा मी वाटेत असेन. मुराळी पाठवू नका. अव्वाला सांगा, शिवगंगा येतेय. येऊ का, असं विचारलेलं नाही.

तुमची धाकटी बहीण,
शिवगंगा