सातवा धडा उघडण्याआधी

प्रिय ताई,

आपण एकाच शिक्षक-खोलीत, एकाच टेबलाशी बसतो. मधे फक्त विज्ञानाच्या सरांचा डबा आणि त्यांची मधल्या सुट्टीतली डुलकी असते. तरीही मी तुला कागदावर पत्र लिहितोय हे पाहून तू आधी चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, याचं काहीतरी बिघडलंय. बिघडलंच आहे. तोंडाने सांगायला बसलो तर मी मधेच विनोद करीन, तू हसशील, आणि सांगायचं ते राहूनच जाईल. आजवर माझं असंच निभावलंय. म्हणून हे लिहून.

मुख्याध्यापकांनी ते ऑनलाइन साधनांचं प्रशिक्षण जाहीर केलं, तो दिवस आठव. ज्याने त्याने आपापल्या गतीने शिकायचं, पण सत्र संपायच्या आत संपवायचं. म्हणजे सावकाश जेवा, ताट तेवढं मी आत्ता उचलतोय, अशातला प्रकार. आणि जो मागे राहील त्याला पुढच्या वर्षी वरचे वर्ग मिळणार नाहीत. सगळे कुरकुरले. तू मात्र नकाशाची गुंडाळी उगाच सोडत आणि बांधत बसलीस. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना वरच्या वर्गांचा भूगोल सुटणं म्हणजे तुझ्यासाठी काय, ते मला कळत होतं. भाऊजी गेल्यापासून तू घरी कमी आणि त्या वर्गात जास्त राहतेस, असं आई म्हणते, आणि या बाबतीत तिचं खरं आहे.

मी ते प्रशिक्षण कसं संपवलं, तेही ऐकून ठेव. व्हिडिओचा आवाज बंद करून तो चालू सोडायचा, शेजारी निबंधाच्या वह्या तपासायच्या, चाचणीत अंदाजपंचे बोटं मारायची. चुकलं तर पुन्हा मारायची. यंत्राला काही राग येत नाही. सगळ्यांच्या आधी माझं प्रमाणपत्र आलं. मुख्याध्यापकांनी भर बैठकीत पाठ थोपटली आणि मला मागे राहिलेल्यांचा मार्गदर्शक करून टाकलं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. आणि बाकीचे एकेक करत पुढे गेल्यावर मागे उरलीस एकटी तू.

तू मात्र ते खरोखर शिकत होतीस. शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत कोपऱ्यातल्या जागेवर बसायचीस, वही काढून. पडद्यावरच्या बाई भरभर बोलायला लागल्या की तू त्यांना म्हणायचीस, थांबा हो जरा, लिहून घेते. त्यांनी विचारलं, समजलं ना, की तू प्रामाणिकपणे म्हणायचीस, नाही अजून. मी हसायचो, तूही हसायचीस. म्हणायचीस, अरे, बाई बोलताहेत आणि आपण उत्तर द्यायचं नाही, बरं दिसतं का ते. लहानपणी मी अडखळत बोलायचो तेव्हा गल्लीतली पोरं माझी नक्कल करायची. तू त्यांच्यातल्या एकाला दप्तराने बडवलं होतंस आणि मग रोज संध्याकाळी जिन्यात बसून माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचीस. एकेका शब्दाला मी कितीही वेळ लावला तरी पुढचा शब्द तू कधी सांगितला नाहीस. आज मी शाळेत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, ती तुझीच करणी.

आता जे लिहितोय ते नीट वाच. तू मागे राहिलेली नव्हतीस. मी तुला मागे ठेवत होतो. पाचवा धडा तुला चांगला आला होता, तरी मी तो पुन्हा पुन्हा करायला लावला, पाया पक्का व्हायला हवा म्हणून. सहाव्याची चाचणी तू पास झालीस आणि खुशीत माझ्यासाठी चहा आणायला गेलीस. तेवढ्यात मी ती पुसून टाकली. तू कप घेऊन आलीस तर सांगितलं, नेट गेलं, जतन झालं नाही. तू म्हणालीस, माझंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं असणार. मी तो चहा प्यायलो. परवा मुख्याध्यापकांनी आपल्याला बोलावून सांगितलं, ताई, सगळ्यांचं झालं, तुमचंच अडलंय, तुमचे वर्ग आता नव्या मॅडमना द्यावे लागतील. त्यावर तू म्हणालीस, सर, माझ्या भावाला बोल लावू नका, तो बिचारा जीव तोडून शिकवतोय, माझ्याच टाळक्यात शिरत नाही. ताई, मी तेव्हा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होतो. सगळे तास वाचून झाले, तरी माझी मान खाली येईना.

का केलं, ते सांगतो. सातव्या धड्याच्या शेवटी एक चौकट येते, आपला अनुभव लिहा म्हणून. थोडकं लिहिलं तर ती पुढे जाऊ देत नाही. हे कोण वाचतंय, असं समजून मी तुझ्यावर लिहिलं. पडद्याशी बोलणाऱ्या भूगोलाच्या बाई. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: 'बाईंनी पासवर्ड म्हणून दिवंगत नवऱ्याचं नाव ठेवलं आहे. ते हयातीत एका हाकेला कधी आले नाहीत, आताही तीनदा बोलवावं लागतं.' पासवर्ड तू मला विश्वासाने सांगितला होतास. नंतर खेळाच्या सरांनी पाठीवर थाप मारली, काय लिहिलंय राव, ताईंनी वाचलं का, तेव्हा कळलं की त्या धड्यापर्यंत जो पोहोचतो त्याला ते दिसतं. सगळ्यात वर दिसतं, कारण हसरे चेहरे त्यालाच सर्वांत जास्त मिळालेत. पुसता येत नाही; विचारलं तर उत्तर आलं की आपला अनुभव मोलाचा आहे, तो कायम जपला जाईल. म्हणून तू सातव्याला पोहोचूच नयेस, एवढाच माझा उद्योग चालला होता, तुझे वर्ग गेले तरी चालतील इथपर्यंत. आज सकाळी मुख्याध्यापकांना चाचणीचं सांगून आलो. ते मला जे बोलले ते बरोबरच होतं. तुझे वर्ग दुसऱ्याला द्यायचं त्यांनी सत्र संपेपर्यंत थांबवलं आहे. सहावा धडा तुला येतो, उद्या बसलीस की होईल. सातव्यात ते समोर येईल, ते तिथे पहिल्यांदा वाचायला लागू नये म्हणून हे पत्र. मी रोजच्या जागेवर असेन. बोलायचं की नाही ते तू बघ. पासवर्ड तेवढा आजच बदल. नवा मला सांगू नकोस.

तुझाच, अजून तसं म्हणू देत असशील तर,
धाकटा