हारुमारूसाठी साठ खोकी

९ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचे संकल्प. एक: उत्सुगीचा विचार करायचा नाही. दोन: पोट कमी करायचं.

पहिला आजच मोडला. माझा दोष नाही, मीटिंगचा विषयच तो होता.

नियम लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी फिरवणार नाही. आमच्या 'सात घंटांचं बेट' या गेमला यंदा वीस वर्षं होतात, म्हणून नवा गेम निघणार. व्हॅलेंटाइनला आपल्याकडे बायका पुरुषांना चॉकलेट देतात, तशी दरवर्षी चाहते पात्रांच्या नावाने ऑफिसला चॉकलेटं पाठवतात. यंदा ज्या पात्राला सगळ्यात जास्त खोकी येतील ते नव्या गेमचा नायक, आणि ते पात्र घडवणारा नव्या गेमचा लेखक. असं खुद्द निर्माते काजितानीसान म्हणाले.

नायक हारुमारू माझा. त्याचा प्रतिस्पर्धी उत्सुगी हिरुकावाचा. मागच्या वर्षी उत्सुगीला ६३ खोकी, हारुमारूला ९. नऊपैकी चारांवर 'दोघांनी वाटून खा' असं लिहिलं होतं. तरी यंदा वारं माझ्या बाजूने आहे.

१२ जानेवारी

मत्सर नाही. फक्त आकडेवारी.

हारुमारूची वाक्यं: ६,२४०. उत्सुगीची: ९७. त्यांतली ५८ म्हणजे नुसती टिंबं. सहा टिंबं, की झाला संवाद.

हारुमारू सातही घंटा वाजवतो, बेट वाचवतो, वाटेत एका म्हातारीची हरवलेली बदकं शोधून देतो. उत्सुगी काय करतो? छपरावर उभा राहतो. वारा नसतानाही याचा झगा उडतो. याचं गाव बुडालं, सख्खा भाऊ याच्याच हातून गेला, म्हणून हा जगावर रुसलेला. पाचव्या घंटेपाशी मरतो. मरून वीस वर्षं झाली, अजून वाढदिवसाला केक येतात.

मरायला काय लागतं? मी माझ्या पोराला वीस वर्षं जिवंत ठेवलाय. त्याचं कौतुक शून्य.

१७ जानेवारी, दुपार

कँटीनमध्ये हिरुकावाशेजारी बसावं लागलं. हा माणूस सुखी आहे, हेच मला खुपतं. तीन मुली, रविवारी बेसबॉल, रोज अंड्याचं सँडविच. इतकं दुःख याने आणलं कुठून?

विचारलं. हसत म्हणाला की कुठूनच नाही. तेव्हा डेडलाइन आली होती, उत्सुगीने काय बोलावं हे सुचत नव्हतं, म्हणून जागा राखायला टिंबं टाकली. नंतर भरायची राहून गेली.

राहून गेली! आणि त्या राहून गेलेल्या जागेवर बायका वीस वर्षं रडतायत. ही माहिती योग्य वेळी वापरीन.

२३ जानेवारी

टपाल सांभाळणाऱ्या उओझुमीसानना सहज विचारलं, की लोकांना त्या उत्सुगीत दिसतं तरी काय. बाई पंचावन्नच्या, अस्सल ओसाकाच्या, जिभेला धार. खोकी मोजायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडेच, म्हणजे तज्ज्ञच.

म्हणाल्या, "त्याला काय झालंय ते तो सांगत नाही, म्हणून विचारावंसं वाटतं. तुमचा हारुमारू सगळं सांगून मोकळा होतो, नुकुईसान. विचारायला काही ठेवतच नाही."

मी म्हटलं, मनमोकळेपणा हा गुण आहे. त्या म्हणाल्या, गुणच आहे हो, शेजारी म्हणून असा मुलगा हवाच.

हे मत एका व्यक्तीचं धरावं.

२९ जानेवारी

रिसर्च म्हणून दिवसभर खिन्न राहिलो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभा राहिलो, लांब नदीकडे पाहत. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.

सकाळी कुणी काही विचारलंच नाही. दुपारी काजितानीसान म्हणाले, खिडकी सोडा, तिथे प्रिंटर ठेवायचाय.

घरीही तसाच बसलो. बायको, सानाए, औषधाच्या दुकानात अर्धवेळ काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक चेहऱ्यावर एक गोळी दिसते. मला पोटाची दिली. वर पातळ भात आणि खारवलेलं आलुबुखार.

निष्कर्ष: खिन्नतेला उंची लागते. उत्सुगी सहा फूट एक इंच आहे.

३ फेब्रुवारी

आज सणाची भाताची लांब गुंडाळी. शुभ दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता अख्खी संपवायची, तर वर्ष चांगलं जातं. सानाएने संपवली. मी अर्ध्यावर असताना टीव्हीवर गेमच्या विसाव्या वर्षाची जाहिरात लागली. मध्यभागी उत्सुगी. हारुमारू कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

मी बोललो. बरंच बोललो.

सानाए म्हणाली, संपलं, गेलं तुमचं वर्ष. गुंडाळी तरी संपवा.

६ फेब्रुवारी

उपाय सापडला. यात फसवणूक नाही. हारुमारूचे चाहते साधे, संसारी लोक आहेत. त्यांच्या मनात प्रेम असतं, पण खोकं पाठवायला सवड नसते. त्यांच्या वतीने कुणीतरी पाठवलं, तर ती सेवाच म्हणायची.

मागचा विक्रम ६३. हारुमारूची स्वतःची ८-९ धरली तर साठ पुरेत.

९ फेब्रुवारी, दुपार

अर्धी रजा. घरी खोकी बांधणं शक्य नव्हतं, म्हणून शहरातल्या उमेदा भागात तीन तासांसाठी कराओकेची खोली घेतली. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकच गाणं सात वेळा म्हटलं.

खबरदारी अशी घेतली, की गुप्तहेरांनी शिकावी. पाच रंगांची पेनं. तीन प्रकारचे कागद. वीस खोक्यांवरचे पत्ते डाव्या हाताने. साठ बायकांची साठ नावं, कुणी नर्स, कुणी आजी, कुणी शाळकरी. वेगवेगळ्या सहा पोस्टांतून रवाना. एकही धागा माझ्यापर्यंत येत नाही.

आता नव्या गेमचं पहिलं दृश्य लिहायला घेतो. त्यातही बदकं असतील.

१४ फेब्रुवारी

उत्सुगी ७१. हारुमारू ६८.

उत्सुगीची नैसर्गिक वाढ धरायची राहिली.

पण ६८! ऑफिसात कुजबुज सुरू आहे. हिरुकावाने पाठ थोपटली. त्याचा हात झटकावासा वाटला, पण विजेत्याने मन मोठं ठेवावं. विजेता तो आहे हे नंतर लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी

उओझुमीसाननी टपालाच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर माझी साठ खोकी, ओळीत.

म्हणाल्या, पत्ता वाचा. वाचला. बरोबर होता. पुन्हा वाचा म्हणाल्या. तेव्हा दिसलं.

दुसऱ्याला काही पाठवताना त्याच्या नावापुढे आदराने 'सामा' लिहितात. शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात हे. स्वतःच्याच पत्त्यावर काही यायचं असेल तर मात्र 'सामा' लिहीत नाहीत, ते स्वतःची आरती ओवाळल्यासारखं होतं. तिथे नुसतं 'यूकी', म्हणजे 'इकडे पोचवा'. परतीच्या पाकिटांवर मी आयुष्यभर तेच लिहीत आलो.

साठच्या साठ खोक्यांवर: हारुमारू यूकी. पाच रंगांत.

उओझुमीसान म्हणाल्या, "प्रेमाने चॉकलेट पाठवणारी बाई त्या पोराला निदान 'सामा' तरी म्हणाली असती. हे ज्याने पाठवलं, तो स्वतःला हारुमारू समजतो."

मी म्हटलं, असेल कुणीतरी. त्या म्हणाल्या, असेल की. पुढच्या वेळी डाव्या हाताने लिहून झालं की नाकाला शाई लावू नका, असंही त्याला सांगा.

१६ फेब्रुवारी

काजितानीसाननी खोकी पाहिली. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होतो, आणि ते हसत सुटले. त्यांनी फोटो काढून गेमच्या पानावर टाकला. खाली एकच ओळ: 'यंदा हारुमारूने स्वतःच स्वतःला साठ चॉकलेटं पाठवली.'

विनोद म्हणून टाकलं होतं.

२१ फेब्रुवारी

लोक हसले नाहीत. लोक रडतायत.

'वीस वर्षं हा सगळ्यांची बदकं शोधत राहिला, याला कुणी विचारलं का?' अशा अर्थाचं हजारोंनी लिहिलंय. चित्रं काढतायत. एका चित्रात हारुमारू रिकाम्या खोलीत बसून खोक्याला रिबन बांधतोय. मी पाहिलं, आणि शेजारची खोली, ते सात वेळा म्हटलेलं गाणं आठवून कसंसंच झालं. हवा कोरडी आहे हल्ली.

लोकांच्या आग्रहामुळे मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली. आजवर हारुमारूला आलेली खोकी, माझी सोडून: ३०७. सगळ्यांवर 'सामा'.

शेवटी गुणाला न्याय मिळतोच.

१ मार्च

मीटिंग. हारुमारू ४९२, उत्सुगी ८८. नायक हारुमारू. मी पहिल्या दृश्याची चार पानं बरोबर नेली होती.

काजितानीसान म्हणाले, लोकांना आवडलाय तो बदकंवाला हारुमारू नाही. आवडलाय तो एकटा, हसून वेळ निभावणारा. तो नुकुईसाननी घडवलेला नाही, त्या खोकी पाठवणाऱ्याने घडवलाय. मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "तो माणूस पुढे आला तर आज, इथे, त्याला लेखक करतो. नाहीतर दुःखात हात बसलेला माणूस आपल्याकडे एकच आहे."

उओझुमीसान चहा देत होत्या. माझ्यासमोर कप ठेवताना थांबल्या. बऱ्यापैकी वेळ थांबल्या.

उभं राहून म्हणायचं होतं, मी. एवढंच. पण मग पाच रंगांची पेनं सांगावी लागली असती. साठ बायका सांगाव्या लागल्या असत्या. कराओके.

गेम हिरुकावाला गेला. मला आभाराची कार्डं दिली. ज्यांनी खोकी पाठवली त्या सगळ्यांना १४ मार्चला हारुमारूतर्फे उत्तर जातं, ती लिहायची. माझ्याकडे योग्य तेच काम आलंय असं वाटतं. शेवटी आवाज त्याचा, म्हणजे माझाच.

६ मार्च

हिरुकावा एक पत्र घेऊन आला. म्हणाला, पाचशेतलं हे सगळ्यात चांगलं, नव्या गेमचा गाभाच यात आहे, वाचा.

'हारुमारू सामा, तू वीस वर्षं हसतोयस. आतून काय होतंय ते घरी तुला कुणी विचारत नाही का? मी विचारतेय.'

अक्षर ओळखीचं. वाणसामानाच्या यादीवर रोज पाहतो. खाली नाव: नुकुई सानाए. पत्ता: माझा.

बरोबरचं खोकं मोठ्या दुकानातलं होतं, सोनेरी. मला शेवटचं चॉकलेट मिळालं त्याला अकरा वर्षं झाली, आणि ते औषधाच्या दुकानात एकावर एक फुकट होतं.

हिरुकावाने नाव वाचून विचारलं, नात्यातल्या कुणी का? म्हटलं, लांबच्या.

तिला हारुमारू माहीतही नव्हता. बदकं म्हटलं की जांभई द्यायची. आणि आता 'तू'. मला वीस वर्षं 'तुम्ही', आणि त्याला 'तू'.

८ मार्च

कार्डं ३१० झाली. सगळ्यांना तोच मजकूर: 'तुमच्या प्रेमाने बळ मिळालं, पुढची घंटा एकत्र वाजवू.' चपखल.

एक कार्ड बाजूला ठेवलंय. त्याचे सात मसुदे झाले. पहिल्यात सगळं कबूल केलं, दीड पान. कार्डावर तीन ओळी मावतात.

११ मार्च

आठवा मसुदा. एकच ओळ. हारुमारूने ६,२४० वाक्यांत असं काही म्हटलेलं नाही.

'विचारणारं आहे. मलाच सांगता येत नाही.'

नावापुढे 'सामा' लिहिलं. दोनदा तपासलं. या वेळी उजव्याच हाताने, पण तिला अक्षर कळू नये म्हणून छापील. पोस्टात टाकलं. ती वाचेल, थोडा वेळ थांबेल, मग माझ्याकडे पाहील. त्यानंतरचं मी सांभाळीन.

१४ मार्च, संध्याकाळ

कार्ड आलं होतं. सानाएने फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं, वीजबिलाच्या वर. डोळे ओले होते. मी बूट काढेपर्यंत तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

मी तयार होतो. खुर्चीत बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं.

म्हणाली, "हे त्या हिरुकावासानने लिहिलं असणार. माणसाच्या मनातलं कसं कळतं हो त्याला? तुम्हाला वीस वर्षांत असं एक तरी वाक्य सुचलं का?"

मग आत जाऊन तिने त्याच्यासाठी आभाराचं पत्र लिहिलं, आणि उद्या ऑफिसला जाताना त्याला नेऊन द्या म्हणून माझ्या बॅगेत ठेवलं.